जंपर तापला, गाडी थंडच

या वेळी गाडी-ट्रॅक्टरचे जेवढे प्रश्न आले त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे, बॅटरी डाऊन अन् जंपर, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायची चिमटेवाली केबल. होणारच. पहाटेची थंडी सुरू झाली का गाडी सेल्फ मारल्यावर नुसती कण्हते. खरं म्हणजे बॅटरीचा जीव गेलेला असते मे महिन्यातच, आपल्या इकडच्या ४५-४६ डिग्रीत पाणी आटून प्लेटा उघड्या पडलेल्या असतात, थंडीत फक्त ते उघडकीस येते अन् शिव्या थंडीला बसतात. असो. जंपरचे चार-पाच प्रश्न एकाच बैठकीत घेतो, बाकीचे पुढच्या अंकात.

प्रश्न (आर्वी तालुक्यातून) : नमस्कार भाऊ. माह्याजवळ जुनी डिझेल जीप आहे, शेतात जायले तेच साधन. मागच्या आठवड्यात सकाळी सेल्फ घेतला नाही म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर लावला, तर नुसता टक टक टक आवाज, अन् केबल हातात धरवेना एवढी गरम. डब्ब्यावर तर ५०० अँपिअर लिहिलेलं होतं. आता घरी बोअरच्या मोटरीचा ४ स्क्वेअर एमएमचा थ्री कोर केबल उरलेला आहे, १०-१२ मीटर असन, त्याचा जंपर बनवता येते का? का वेल्डिंगची केबल आणू? अन् आणली तर किती जाड?

उत्तर : भाऊ, आधी तुमच्या त्या डब्ब्याचं बोलतो, कारण माझ्याही नशिबी तसाच डब्बा आला होता. वणीकडे एका लग्नाला गेलो होतो, रात्री एक वाजता निघायचं तर गाडी घेईना. एका पाहुण्यानं त्याची गाडी समोर आणून लावली, मी ऐटीत नवीकोरी केबल काढली, अंगठ्याएवढी जाड, अन् दुसऱ्याच सेल्फला प्लॅस्टिकचा वास, तिसऱ्याला चिमट्यापाशी धूर. नवरदेवाचा मामा म्हणे, होम तर संध्याकाळीच झाला ना बावा, हा आता कशाचा? घरी येऊन केबल ब्लेडनं उभी चिरली. अंगठ्याएवढ्या जाडीत निम्म्याच्या वर नुसतं प्लॅस्टिक, आतला तार बॉलपेनच्या रिफिलएवढा, खरवडला तर वरून लाल अन् आत पांढराफट. मोजला तर जेमतेम ६ स्क्वेअर एमएम, तोही अल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा.

त्याच्यानं काय होते ते पाहा, हिशेब दहावीच्या सायन्सचा आहे. तांब्याचा १ मीटर लांब अन् १ स्क्वेअर एमएम जाड तार घेतला तर त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.०१७ ओहम, अल्युमिनियमचा ०.०२८ ओहम, मुलामावाला म्हणजे अल्युमिनियमचाच भाऊ, ०.०२७ धरा. लांबीनं गुणायचं, जाडीनं भागायचं. अन् करंट एका केबलीतून जाते, दुसरीतून परत येते, म्हणजे जोडी अडीच मीटरची असली तरी हिशेबात ५ मीटर धरायचे, हे लय लोक विसरतात. डिझेल जीपचा सेल्फ फिरताना २०० अँपिअरच्या आसपास ओढते, पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. तर ६ एमएमच्या (पुढे जाडीचं नुसतं एमएम म्हटलं का स्क्वेअर एमएमच समजा) मुलामावाल्या जोडीत २०० अँपिअर पाठवायला गेलं का साडेचार व्होल्ट तारातच खपले! समोरच्या गाडीनं तेरा दिले तर तुमच्या सेल्फपाशी आठ-साडेआठ पोहोचले, अन् सेल्फला नीट फिरायला साडेनऊ-दहा तरी लागतात. तो टक टक आवाज त्याचाच आहे. सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे करंटनं ओढला जाणारा स्विच, ओढला जाते, करंट सुरू होते, व्होल्टेज पडते, सोलेनॉइड सुटते, व्होल्टेज परत येते, परत ओढला जाते. आणि ते खपलेले साडेचार व्होल्ट कुठे गेले? तुमचा हात भाजला ना, तिथे गेले.

हेच २५ स्क्वेअर एमएम तांबं असतं तर ५ मीटरमध्ये फक्त ०.७ व्होल्ट पडले असते. १६ एमएम तांब्यात १.१ च्या आसपास. एक-सव्वा व्होल्टपर्यंत चालते, त्याच्यापुढे ओढाताण सुरू होते. म्हणून माझं माप असं आहे : लहान पेट्रोल गाडीला १६ एमएम तांबं भरपूर, डिझेल जीप-पिकअपले २५, ट्रॅक्टरला ३५. अल्युमिनियमच घ्यायचं असन तर जाडी दीडपटीहून जास्त घ्या, म्हणजे २५ च्या जागी ४० च्या वर, बाजारात ५० मिळन. अन् लांबी दुप्पट केली तर जाडीही दुप्पट, त्यात सुटका नाही. ५ मीटरची लांबच लांब जोडी घेऊन फिरणारे मला समजतच नाहीत, गाड्या समोरासमोर लावता येतात का नाही?

आता तुमचा बोअरचा केबल. अहो, सोनं आहे ते! फक्त एका कोअरचा जंपर करू नका, ४ एमएमनं काही होत नाही. पण चपट्या केबलीत तीन कोअर आहेत ना, तिन्ही दोन्ही टोकांना एकत्र पिळून टाका, झाले १२ एमएम. अडीच मीटरचे दोन तुकडे कापा, एक प्लसचा, एक मायनसचा. २०० अँपिअरला साधारण १.४ व्होल्ट पडतात, म्हणजे आदर्श नाही, पण तुमच्या विकतच्या जंपरपेक्षा तिप्पट चांगला अन् घरातल्या घरात. आधी एक कोअर सोलून आतला तार तांब्याचाच आहे हे पाहून घ्या, अल्युमिनियम कोअरच्या फ्लॅट केबलीही मिळतात. बारीक तार मोजायचे असले तर, ४ एमएमच्या तांब्याच्या कोअरमध्ये ०.३ एमएम व्यासाचे ५६ तार असायला पाहिजेत. चाळीसच भरले तर दुकानदाराले काय बोलायचं ते तुम्ही ठरवा.

एक काळजी, चपट्या केबलीचं वरचं आवरण दोन्ही तुकड्यांचं सारखंच काळं राहते, अंधारात कोणता प्लस कोणता मायनस कळत नाही. एका तुकड्याच्या दोन्ही टोकांना लाल टेप चांगली वीतभर गुंडाळा. उलटं लागलं तर डायनामोचे (म्हणजे अल्टरनेटरचे) डायोड एका सेकंदात जातात, अन् नव्या गाडीत कॉम्प्युटर असला तर खर्च विचारू नका.

पण १२ एमएमवर लगेच सेल्फ मारायचा नाही. हे मी सगळ्यांनाच सांगतो, जंपर लावल्याबरोबर सेल्फ मारायची घाई कशाला? समोरची गाडी चालू ठेवा, थोडा ॲक्सिलरेटर देऊन, दहा मिनिटं चहा प्या. तेवढ्यात तुमच्या मेलेल्या बॅटरीत थोडंफार चार्जिंग जाते, मग सेल्फ मारला का अर्धा भार तुमची बॅटरी उचलते अन् अर्धाच केबलीतून येते. पातळ केबल असणाऱ्यानं तर वीस मिनिटं थांबावं. माझा त्या लग्नातला धूर खरं म्हणजे घाईचाही होता, कबूल करतो.

वेल्डिंगची केबल आणायची असन तर उत्तम, २५ एमएमची ५ मीटर. ती मऊ राहते कारण आत केसासारखे शेकडो बारीक तार असतात, अन् रबर थंडीत कडक होत नाही, उन्हात डिक्कीत पडली तरी तडकत नाही. केबलीवर एचओएफआर छापलेलं पाहा, म्हणजे उष्णता अन् तेल सहन करणारं रबर, अन् आयएस ९८५७ हा वेल्डिंग केबलीचा नंबर आहे तोही पाहा. पण वेल्डिंगची केबल म्हणजे तांब्याचीच असं धरून चालू नका, अल्युमिनियमचीही तेवढीच विकल्या जाते, अन् दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही.

आणि खांबावरून घरात आणतात तो सर्व्हिस वायर कोणी सुचवला तर हात जोडा. एक तर अल्युमिनियम, त्यात कडक, चार वेळा वाकवला का तुटते.

चिमट्यांकडे मात्र लक्ष द्या, निम्मे जंपर तिथेच मरतात. तांब्यासारखे दिसणारे चिमटे पुष्कळदा लोखंडाचे असतात, वरून पाणी दिलेलं. चुंबक लावून पाहा, चिकटला तर लोखंड (स्प्रिंग चिकटनच, ती सोडा). दुसरं, तार चिमट्याच्या एकाच जबड्याला जोडलेला असते, दुसरा जबडा नुसता खिळ्याच्या भरवशावर. दोन्ही जबड्यांना तांब्याची वेणी किंवा उरलेला तारच जोडून घ्या. टोकाला तांब्याचा लग (तार ज्यात घालून दाबतात ती टोपी) टाकून मोटर वाइंडिंगवाल्याकडून प्रेसनं दाबून घ्या, पकडीनं चेपू नका, वरून सोल्डर सोडला तर अजून बरं. बॅटरी चार्जिंगच्या दुकानात पितळेचे जाड चिमटे मिळतात, ते घ्या.

अन् हे सगळं करायच्या आधी स्वतःच्या जीपच्या बॅटरीचे टर्मिनल उघडून पाहिले का हो? पांढरी-हिरवी बुरशी असन तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, कोरडं करून घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. इंजिनपासून चेसिसला जाणारी अर्थची पट्टी पण पाहा. माझ्याकडे 'बॅटरी गेली' म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्या याच्यातच निघतात.

प्रश्न (दारव्हा तालुक्यातून एक ताई) : दादा, आमचे हे कामानिमित्त बाहेरगावी राहतात, ट्रॅक्टर-गाडी सगळं मलाच पाहावं लागते. जंपर लावायला मला भीती वाटते, करंट लागते का? आणि कोणता चिमटा आधी लावायचा हे प्रत्येक जण वेगळं सांगते. आमच्या इथं गाडी ओसरीजवळच उभी राहते.

उत्तर : ताई, १२ व्होल्टचा करंट कोरड्या हाताला लागत नाही, त्याची भीती काढून टाका. भीती बाळगायची ती ठिणगीची अन् बांगड्यांची. बांगडी किंवा अंगठी प्लसला अन् गाडीच्या पत्र्याला एकाच वेळी टेकली तर बॅटरी सगळा जोर त्या बांगडीत काढते, क्षणात लालबुंद होते. म्हणून आधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पाना वापरतानाही तेच.

दोन्ही गाड्या बंद, दिवे-पंखा बंद, गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत, न्यूट्रलला टाकून हँडब्रेक ओढा. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचंच दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, अन् काळ्याचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला नाही तर त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, रंग नसलेल्या बोल्टला, बॅटरीपासून हातभर दूर. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडतेच, अन् बॅटरीतून हायड्रोजन गॅस निघते, तो पेट घेते, म्हणून ठिणगी लांब पाडायची. मग चांगली गाडी चालू करा, वर सांगितलं तसं दहा मिनिटं थांबा, अन् सेल्फ मारा. गाडी चालू झाली का बरोबर उलट्या क्रमानं काढायचं, काळा इंजिनवरचा आधी. मधल्या काळात लाल-काळे चिमटे एकमेकाले लागू देऊ नका.

आणि ओसरीचं तुम्ही लिहिलं ते बरं झालं. या दिवसात ओसरीत कापूस असन ना? मग गाडी आधी ढकलून अंगणाच्या बाहेर घ्या, चार माणसं बोलवा, पण कापसाच्या ढिगापाशी जंपर लावू नका. मी एरवी एवढा घाबरट नाही, पण इथे आहे.

ट्रॅक्टर चालू करायचा असन तर ३५ एमएमची जोडी, तीन-तीन मीटर, कारण ट्रॅक्टरची बॅटरी आडजागी असते, गाडीचं तोंड जवळ नेता येत नाही. ट्रॅक्टर ३०० अँपिअरच्या वरही ओढते, ३५ एमएम तांब्यात तेव्हा ०.९ व्होल्ट पडतात, म्हणजे चालते. पण लहान पेट्रोल गाडीवरून मोठा ट्रॅक्टर उचलायला जाऊ नका, केबल कितीही जाड असू द्या, विहिरीतच पाणी नाही तर पाईप मोठा टाकून काय होते? अशा वेळी अर्धा तास चार्जिंग होऊ द्या, अन् सेल्फ दहा सेकंदाच्या वर दाबू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

जंपर खताच्या पोत्यांपाशी ठेवू नका, हेही तुम्हाला सांगून ठेवतो. युरिया-डीएपीच्या ओलाव्यात तांबं हिरवं पडते.

प्रश्न (काटोलहून) : सर, ऑनलाइन बघितलं तर कोणी ४ गेज घ्या म्हणते कोणी ६ गेज, इथल्या दुकानात विचारलं तर ते स्क्वेअर एमएम सांगतात, आणि वाइंडिंगवाला तिसराच नंबर सांगतो. आणि 'हंड्रेड पर्सेंट कॉपर' लिहिलेलं खरं आहे का हे न कापता कसं ओळखायचं?

उत्तर : गेजचा घोळ असा आहे का दोन गेज आहेत, अमेरिकन अन् इंग्लिश. ऑनलाइन जंपरवर लिहिलेला अमेरिकन असते, आपला वाइंडिंगवाला इंग्लिश बोलते, म्हणजे एसडब्ल्यूजी. दोन्हीत नंबर लहान तेवढा तार जाड, पण सारख्या नंबराची जाडी वेगळी. अमेरिकन ४ गेज म्हणजे २१ स्क्वेअर एमएम, ६ गेज म्हणजे १३, ८ गेज म्हणजे ८ च्या थोडं वर, २ गेज ३३ ते ३४. इंग्लिश ४ गेज मात्र २७ च्या वर जाते. म्हणून गेज सोडा, स्क्वेअर एमएम विचारा. त्याच्यावर दुकानदार 'भाऊ हे १००० अँपिअरवालं आहे' म्हणन, तर हसून द्या, कारण किती लांबीत, किती सेकंद, किती व्होल्ट पडून, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याले काही अर्थ नाही.

न कापता ओळखायचं म्हणता ना, किराणा दुकानाचा वजनकाटा वापरा. तांबं जड असते, अल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त. २५ एमएमच्या तांब्याचं नुसत्या तारेचं वजन मीटरला सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे अडीच मीटरच्या जोडीत फक्त तांबंच १ किलो १०० ग्रॅमच्या वर. त्यात रबर अन् चार चिमटे धरले तर जोडी दीड किलोच्या पुढे जायलाच पाहिजे. १६ एमएमची असन तर तांबं ७०० ग्रॅम, जोडी किलोच्या आसपास. तुमच्या हातात आलेला ४ गेजचा डब्बा पाऊण किलोचा भरला तर आत काय आहे हे सांगायला मला काटोलला यायची गरज नाही. मुलामावाला २५ एमएमचा तार मीटरला ९० ग्रॅमच्या आसपासच भरते.

दुकानदार परवानगी देत असन तर चिमट्याचं रबरी कव्हर मागे सरकवा, तिथे तार उघडा दिसते, एक बारीक तार ब्लेडच्या धारेनं खरवडा. आतपर्यंत लाल तर तांबं. फक्त टोक पाहून फसू नका, मुलामावाल्याचं वरून सारखंच दिसते. लायटरनं जाळून पाहणारे असतात, पण केसाएवढा तार तांब्याचाही वाकते-तुटते, त्याच्यावर मी भरवसा ठेवत नाही.

मुलामावाली एकदमच टाकाऊ आहे का? तसं नाही. भरपूर जाडीची असन, अन् तसं खरं लिहून स्वस्तात विकत असन, तर लहान गाडीला चालते. पण तिची टोकं ओलाव्यात खराब होतात, तांबं अन् अल्युमिनियम एकमेकाले लागून ओले झाले का मधून पांढरी भुकटी निघते, अन् अल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकते म्हणून लग ढिला पडते. दोन पावसाळे डिक्कीत काढले का पाहा. माझा राग स्वस्त मालावर नाही, खोट्या नावावर आहे.

प्रश्न (वणी भागातून) : आमच्या गावावरून खाणीचे टिप्पर जातात, एक ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो म्हणते माझ्या टिप्परवरून लाव, तुझी कार एका झटक्यात उठते. लावू का?

उत्तर : नको. टिप्परचं २४ व्होल्ट, तुमच्या कारचं १२. एका झटक्यात उठन ते खरं, पण सोबत बल्ब, कॉम्प्युटर, डायनामो सगळंच उठन. दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेतो म्हणन तो, तेही नको. काळी केबल किंवा पत्रा चुकीच्या जागी टेकला तर सरळ शॉर्ट आहे.

प्रश्न (चिखलदऱ्याहून) : जंपर लावला का गाडी चालू होते पण दुसऱ्या दिवशी परत बंद. केबल जाड घेतली तर फरक पडन का?

उत्तर : नाही, केबलीचं काम झालं, तिनं गाडी चालू करून दिली. आता मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) घ्या. रात्रभर उभ्या गाडीवर बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते तर चांगली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी, अन् चार्जिंगनंतरही साडेदहावरच अडून बसली असन तर एक सेल मेला, ती बदला. गाडी चालू करून मोजा, १३.८ ते १४.५ दिसलं तर डायनामो ठीक आहे, नाही तर आधी तो दाखवा. दोन्ही चांगले निघाले तर रात्री काहीतरी करंट पीत आहे, बहुतेक टेपचा वायर नाही तर डिक्कीचा दिवा. बॅटरीची मायनस एक रात्र काढून ठेवा, सकाळी सेल्फ घेतला तर तेच.